गॅलरीतली विळी

आमच्या घरात देव स्वयंपाकघरात आणि कोंबडी गॅलरीत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये देवघराला वेगळी जागा नव्हती. म्हणून आईने ओट्याच्या वरच्या कोपऱ्यात देव बसवले आणि मांसाहाराला मागच्या गॅलरीत हाकललं. तिथे एक छोटी शेगडी, बूड काळं पडलेलं पातेलं, एक पळी, तीन ताटल्या आणि एक जुनी विळी असं वेगळं बिऱ्हाड. रविवारी ते मांडायचं आणि जेवणं झाली की घासूनपुसून पुन्हा गोणपाटाखाली झाकून ठेवायचं.

आईचा नियम एकच, पण कडक. कोंबडीच्या ताटात जे जे पडणार ते सगळं गॅलरीतच चिरायचं. कांदा, काकडी, लिंबू, कोथिंबीर, सगळं. आतली विळी बाहेर न्यायची नाही, आतला चाकूही नाही, कारण तो बाटतो. लहानपणापासून मी हे इतकं पाळलंय की मला तो नियम आहे हेही कधी जाणवलं नाही. पायातली चप्पल दाराशी काढतो तसंच ते होतं.

आणि लोकांना स्वच्छता शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझी जेवढी चीड यायची तेवढी येऊ द्या. मला स्वतःला ती रोज येते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि आमच्या नाशिकमधल्याच एका प्रयोगशाळेत लागले. आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. कोंबडी शेडमधून निघून दुकानात येईपर्यंत तिच्यावर कुठे कुठे, कोणते जंतू चढतात ते शोधायचं. म्हणून मी बर्फाची पेटी खांद्याला अडकवून हिंडायचे. हरसूलच्या बाजूला डोंगरउतारावर कोंबड्यांच्या शेड होत्या, तिथे विष्ठेचे आणि पाण्याचे नमुने घ्यायचे. मग पक्ष्यांच्या जाळ्या वाहणारा टेम्पो, मग शहरातली दुकानं. ओल्या बोळ्याने फळी पुसायची, सुरी पुसायची, कापलेली कोंबडी धुवायच्या टबातलं पाणी बाटलीत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि बर्फ वितळायच्या आत प्रयोगशाळा गाठायची.

या सगळ्या वाटेवर माणसं मला एकच प्रश्न विचारायची. हरसूलकडची शेडवाली बाई म्हणायची, "ताई, पाय चुन्यात घाला नि मंग आत या. आन् खरं सांगा, दोष आमच्याकडं नाय ना?" टेम्पोवाला म्हणायचा, "आपण फक्त जाळ्या उचलतो मॅडम, जंतूबिंतू शेडवाल्याला विचारा." दुकानदार म्हणायचे, गाडीतूनच आलं असणार. प्रत्येकाला तो दोष शेजारच्याच्या दारात नेऊन ठेवायचा होता. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर या साखळीचा नकाशा लावला होता, चौकोनामागे चौकोन. पिल्लं, शेड, गाडी, दुकान. दुकानाच्या पुढे एक बाण होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं, ग्राहक. तिथला नमुना आम्ही घेत नव्हतो. अभ्यासाची हद्दच तेवढी होती आणि मलाही कधी तो बाण खुपला नाही.

दुकानांच्या यादीत पहिलं नाव चाचांचं होतं. नाशिकच्या द्वारका चौकातून आत वळलं की एका गल्लीत त्यांचं दुकान. मी कॉलेजात असल्यापासून आमच्या घरी चिकन तिथूनच यायचं. इतर दुकानदार मला पाहून शटर अर्धं ओढायचे, मी दंड करायला आले असं त्यांना वाटायचं. चाचा म्हणाले, "घ्या ना मॅडम, काय घ्यायचं ते घ्या. लपवायला काय आहे इथं?" मग तेच माझ्याबरोबर गल्लीतल्या बाकीच्या दुकानांत आले आणि म्हणाले, "अपनी बच्ची है, घेऊ द्या तिला." मी सगळ्यांना शब्द दिला की कुठल्याही दुकानाचं नाव बाहेर जाणार नाही. तसं छापील संमतिपत्रही होतं. त्यावर त्यांनी सह्या केल्या आणि खाली माझी सही होती.

एकदा दुपारी मी नमुने घ्यायला गेले तर चाचा जेवायला बसायच्या तयारीत होते. ज्या लाकडी ओंडक्यावर दिवसभर कोंबड्या कापल्या त्याच्यावरच ते कांदा चिरत होते. मी गिऱ्हाइकांच्या देखत ओरडले, "चाचा, मरायचंय का तुम्हाला? कच्च्या चिकनचे जंतू शिजवल्यावर मरतात. कांदा तुम्ही शिजवून खाणार आहात का?" त्यांनी मुकाट्याने कांदा बादलीत टाकला. "बेटा, इतकी वर्षं असंच खातोय," असं काहीतरी ते पुटपुटले. मी आणखी चिडले. रविवारी नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते दोन लिंबं फुकट द्यायचे, तीही चिकनच्याच पिशवीत वरून टाकून. त्यावरूनही मी त्यांना त्याच दमात झापलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पुठ्ठा आणि जाड मार्कर दिला. म्हणाले, "तुम्ही बोलता ते लिहून द्या, मराठीत पण आणि हिंदीत पण. मी लावतो." मी लिहिलं. टबातलं पाणी वरचेवर बदलावं. हात साबणाने धुवावेत. जिथे कच्चं चिकन कापलं तिथे कांदा, लिंबू, कच्चं खायचं काहीही चिरू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. चाचांनी पुठ्ठ्याला प्लॅस्टिक घातलं आणि तो गल्ल्याच्या वर टांगला. जेवणासाठी घरून वेगळी फळी आणली आणि लिंबं वेगळ्या पिशवीत द्यायला लागले. मला माझा केवढा अभिमान वाटला होता! कार्यालयात मी त्या पुठ्ठ्याचा फोटोसुद्धा दाखवला.

आणि त्या सगळ्या काळात दर रविवारी मी गॅलरीत बसून त्याच विळीवर कांदा चिरत होते. दुकानातून चिकन तुकडे करून आणलं तरी आई ते तिथे आणखी बारीक करायची. मग विळी पाण्याखाली धरून झटकायची आणि माझ्याकडे सरकवायची.

एका रविवारी असंच जेवण झालं. रस्सा आईचा नेहमीचा, तासभर रटरटलेला. कांदा-काकडी मी चिरली, त्यावर लिंबू पिळलं. आई कच्चा कांदा खात नाही. मला पित्त झालं होतं म्हणून मीही त्याला हात लावला नाही. बाबांनी मात्र वाटीभर खाल्ला, त्यांना तो लागतोच. मंगळवारी त्यांना ताप चढला आणि जुलाब सुरू झाले. बाबांचं वय सत्तरीच्या पुढे, त्यात साखर. बुधवारी ते दवाखान्यात होते आणि त्यांना उठून बसायचंही त्राण नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" आई म्हणाली, "नाही हो, घरचंच. रविवारी चिकन केलं होतं." डॉक्टरांनी लगेच विचारलं, "कुठून आणलं?" ते कसं केलं, कशावर चिरलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचं मी समजू शकते. पण मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि मीही विचारलं नाही.

बाबांच्या तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. त्याच आठवड्यात चाचांच्या टबातल्या पाण्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला होता, त्यातही तोच. माझं डोकं फिरलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: द्वारकेजवळच्या चाचांच्या दुकानातून कुणीही चिकन घेऊ नये. बाबा दवाखान्यात आहेत. त्या दुकानातल्या नमुन्यात जंतू सापडले आहेत. मी प्रयोगशाळेत काम करते, खात्रीने सांगते आहे.

मी काय लिहिलं नाही तेही सांगायला हवं. एसी लावलेल्या, काचेच्या कपाटात चिकन मांडणाऱ्या चकचकीत दुकानातही तेच जंतू सापडले होते, हे लिहिलं नाही. रटरटत शिजलेल्या रश्श्यात ते जंतू टिकत नाहीत, हे लिहिलं नाही. नाव बाहेर जाणार नाही असा मी सहीनिशी शब्द दिला होता, हे तर माझ्या मनातही आलं नाही.

ग्रुपवर धडाधड उत्तरं आली. बाबांची चौकशी, नमस्काराचे हात. मग एकाने लिहिलं, "मी तर आधीपासून सांगतोय, त्या लोकांकडून काही घेऊच नये." ते वाचून मला कसंतरी झालं. मी तसं म्हणाले नव्हते. पण ते तसं नाही, असंही मी म्हणाले नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि स्वतःला सांगितलं की आत्ता वाद घालायची ही वेळ नाही. त्या माणसाच्या वाक्याला माझ्या पदवीचा टेकू मिळाला होता आणि मी तो काढून घेतला नाही.

तेवढ्यावर माझं भागलं नाही. घरी कपडे न्यायला जाताना मी वाकडी वाट करून दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "चाचा, तुमच्या चिकनने माझ्या वडिलांना दवाखान्यात पोचवलं. कितीदा सांगितलं पाणी बदला म्हणून!" चाचांच्या हातात सुरी होती, ती त्यांनी खाली ठेवली. "अब्बा कसे आहेत?" त्यांनी विचारलं. मी उत्तर न देता निघून आले. माझ्यामागून दोन गिऱ्हाइकं रिकाम्या पिशव्या घेऊन बाहेर पडली, ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः दवाखान्यात आले. मी तिथे नव्हते. दारातूनच बाबांची चौकशी करून, आईच्या हातात चार शहाळी देऊन गेले. आईने ती घरी आणून गॅलरीत ठेवली आणि ती तिथेच सुकून गेली.

बाबा दहा-बारा दिवसांनी घरी आले. पँट कमरेवर ठरेना इतके वाळले होते, पण आले. महिन्याभराने त्यांनीच एका रविवारी विषय काढला, "आज जरा रस्सा होऊ द्या की." मी चाचांच्या गल्लीकडे न बघता त्या एसीच्या दुकानातून चिकन आणलं. आईने गॅलरीत बिऱ्हाड मांडलं, तुकडे बारीक केले, फोडणी घातली आणि मला हाक मारली, "कांदा चीर गं. आणि इथेच चीर हो, आतली विळी बाटवू नकोस."

मी बसले. विळी पुढे ओढली. पात्याच्या बुडाशी, लाकूड आणि लोखंड जुळतं तिथल्या फटीत, कोंबडीच्या कातडीचा एक पांढुरका तुकडा अडकला होता, नखाएवढा. पात्यावर पाण्याचे थेंब होते. कांदा माझ्या हातात होता. गल्ल्यावरचा तो पुठ्ठा, शेवटची ओळ आणि तिच्याखालच्या माझ्या दोन रेघा एकदम डोळ्यांसमोर आल्या. बाबांनी खाल्लेला वाटीभर कांदाही.

"काय झालं?" आईने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, कांदा झोंबला." कांदा अजून सोललेलाही नव्हता.

त्या दिवशी मी कांदा चिरलाच नाही. खराब निघाला असं सांगितलं आणि बाबांना नुसताच रस्सा वाढला. नमुने घ्यायची पेटी घरीच होती. आई आत गेल्यावर मी विळी पुसून बोळा बाटलीत घातला. चिठ्ठीवर दुकानाचं नाव लिहायच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती तशीच कोरी लावली. चार-पाच दिवसांनी अहवाल आला. साल्मोनेला होता. चिकन दुसऱ्या दुकानातलं, रविवार दुसरा, त्यामुळे पुरावा म्हणून याला फारसा अर्थ नाही, असं मी कुठल्याही बैठकीत म्हणाले असते. पण मला पुरावा नकोच होता. तिघांनी एकाच पातेल्यातला रस्सा खाल्ला होता आणि आजारी तोच पडला होता ज्याने कांदा खाल्ला. हे पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होतं. एवढं साधं गणित माझ्या हाताखालच्या मुलीने चुकवलं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

आईला मी सांगितलं. नीट, शांतपणे, कोणते जंतू, कसे पसरतात वगैरे. तिने देवासमोरच्या निरांजनातली वात सारखी केली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या सोवळ्याने केलं हे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला म्हणायला हवं होतं की आई, तू शाळेच्या पुढे गेली नाहीस, मी गेले. तुला कुणी सांगितलं नव्हतं, मी जगाला सांगत फिरत होते. आणि कांदा मी चिरला होता. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने दोष घेतला आणि मी तो तिला घेऊ दिला.

मग चार महिने गेले. या चार महिन्यांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. रागात माणूस काहीबाही बोलून जातो, त्याला निदान रागाची सबब असते. पण हे चार महिने मी थंड डोक्याने गप्प बसले. स्वतःला सांगत होते की आईची सोसायटीत अब्रू जाईल. हळदीकुंकवाला तिच्या हातचं कुणी खाणार नाही. खरं तर मला माझी काळजी होती. नाव फोडलं म्हणून नोकरीवर गदा येईल, आणि ग्रुपमधले सगळे मला हसतील. नमुने घ्यायला त्या गल्लीत जायची पाळी आली की मी सहकाऱ्याला पाठवायचे. तो एकदा येऊन म्हणाला, "चाचांकडे पूर्वी सकाळी तीन जाळ्या उतरायच्या ना? आता एकच उतरते. पण दुकान बाकी एकदम टिपटॉप ठेवलंय." मी मान डोलावली आणि कीबोर्ड बडवत राहिले.

शेवटी मला तिथे धाडलं ते बाबांनी. एका रविवारी सकाळी ते सहज म्हणाले, "चाचांचं चिकन काही वेगळंच असायचं. तो माणूस मला बघायला आला होता, माहीत आहे तुला? दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणाला, नको, माझ्या कपड्यांना वास आहे, इथे आजारी माणसं आहेत." मी चहाचा कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.

रविवारचे अकरा वाजले होते. एरवी त्या वेळी दुकानासमोर रांग असायची. आता एक रिक्षावाला उभा होता, तोही पाव किलो घेऊन गेला. ओंडका घासून पांढरा पडला होता. एकाचे दोन टब झाले होते. गल्ल्यावर माझा पुठ्ठा होता, प्लॅस्टिकच्या आत, माझ्या ठसठशीत अक्षरात. मला वाटलं होतं त्यांनी तो फाडून टाकला असेल.

"या मॅडम," चाचा म्हणाले. पूर्वी ते बेटा म्हणायला लागले होते.

मी सगळं सांगितलं. विळी, गॅलरी, कांदा, बाबांची वाटी. म्हटलं, "चूक माझ्या घरात झाली चाचा. माझ्या हाताने झाली. तुमच्यावर ढकलली." ते ऐकत होते आणि फडक्याने पुसलेलीच फळी पुन्हा पुसत होते. मी माफी मागितली. त्यांनी फडकं खाली ठेवलं. म्हणाले, "हे तिकडे लिहिलं का? मोबाइलवर?"

"नाही. आधी तुम्हाला सांगायला आले."

"मला काय सांगायचं? माझं पाणी, माझा ओंडका मला माहीत होता. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

आवाज चढलेला नव्हता. मी तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभी राहून फोन काढला. आईचं नाव येऊ नये म्हणून तीनदा वाक्य बदललं. मग साधंच लिहिलं. बाबा आजारी पडले ते चाचांच्या चिकनमुळे म्हणता येणार नाही. कच्चं चिकन कापलेल्या विळीवर मी कांदा चिरला होता. असे जंतू शहरातल्या बऱ्याच दुकानांत सापडतात, घरी काळजी घ्यायची असते आणि मी ती घेतली नाही. त्यांचं नाव घ्यायचा मला अधिकार नव्हता. पाठवलं. काही अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, "असं होतं ताई, मनाला लावून घेऊ नका." आणि मागच्या वेळच्याच त्या माणसाने लिहिलं, "तरी पण त्यांच्याकडून नकोच. उगाच रिस्क कशाला."

या वेळी मी उत्तर दिलं. काय दिलं ते इथे सांगत नाही, कारण त्यातून काही झालं नाही. पहिल्याच वेळी तेच दिलं असतं तर कदाचित झालं असतं.

"लिहिलं," मी म्हटलं. चाचांनी मान हलवली. लोक काय म्हणाले ते विचारलं नाही. मी एक किलो मागितलं. त्यांनी हात धुतले, साबण लावून, पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे. तुकडे केले, पिशवी बांधली. मग पुन्हा हात धुतले, मागच्या फळीवरच्या टोपलीतून दोन लिंबं काढली आणि ती दुसऱ्या पिशवीत घालून तिला वेगळी गाठ मारली.

"लिंबू वेगळं दिलंय," ते म्हणाले. "घरी पण वेगळंच ठेवा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी तो झेलला असता. पण तो टोमणा नव्हता. हल्ली ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत होते. मी एका हातात चिकन आणि दुसऱ्या हातात लिंबं धरली आणि घरी गेले.